शेत रंगवायला शिकताना



निसर्गचित्र म्हटलं की आपण सगळे काय काढायचो, आठवतंय ना? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि एक नारळ. आपल्या गावाच्या आसपास डोंगरही नाही आणि नारळही! चित्रकलेच्या सरांनी एकदा माझी वही हातात घेऊन विचारलं होतं, "तुझ्या रानात बाभूळ नाही का रे?" मी मान खाली घातली. इंटरमिजिएटला 'सी' ग्रेड मिळाली, ती रास्तच होती.

आता साठी उलटल्यावर मी तैलरंग हातात घेतले. कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमचं शेत विकलं. कागदावर पहिली सही माझी. दादा तेव्हापासून माझ्याकडे शहरात असतात. नव्वदीला आलेत. थंडी पडली की विचारतात, "ज्वारी निसवली असेल का रे?" काय उत्तर द्यायचं? शेताचा धड फोटोही नाही. आहेत ते सगळे हुरड्याचे, पुढे माणसं आणि त्यांच्या डोक्यांमागे चार बोटं रान. म्हटलं, चित्र काढू.

पहिल्या कॅनव्हासवर ट्यूबमधला हिरवा तसाच फासला. दादा म्हणाले, "हे कुणाचं रान? प्लॅस्टिकचं दिसतंय." मग शिकवणी लावली. तिथे पहिल्याच दिवशी कळलं की काळी जमीन काळ्या रंगाने रंगवायची नसते. बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन निळा मिसळला की आपली माती येते. हिरव्यात थोडा तांबूस रंग घातला की तो ओरडायचा थांबतो. लांबचं रान फिकट, निळसर, पायाजवळचं गडद. डोळे बारीक करून बघायचं, म्हणजे ताटं दिसत नाहीत, नुसते उजेड-सावलीचे पट्टे दिसतात. मला ताटं मोजायची सवय, त्यामुळे हे फार जड गेलं.

रंगात मिसळतात ते तेल जवसाचं, हे ऐकून मात्र मी हसलो. आमच्या करडईत जवसाचे चार तास असायचे. आम्ही त्याची चटणी खाल्ली! खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, तेल वरच्या थरांत वाढवत न्यायचं. उलटं केलं तर उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा पडतात. आणि हा रंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जाड थराला आठवडे लागतात. घाई करणाऱ्याचं हे कामच नव्हे.

त्या ओलेपणामुळेच एक झालं. दुसरं चित्र दादांपुढे धरलं. त्यांना आता अंधूक दिसतं. बराच वेळ जवळून बघून म्हणाले, "बांध चुकला. विहिरीपाशी वळतो तो. पाणी इकडून उतरायचं." आणि बोट सरळ ओल्या रंगावरून ओढलं. बोट तांबडं-काळं झालं. ते त्यांनी धोतराला पुसलं, जसे रानात पुसायचे. सही केल्यापासून शेताबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच इतकं बोलले. मग विहिरीची मोट, बैलांची नावं, सगळं निघालं. मी तो बांध तसाच ठेवलाय, त्यांच्या बोटाने काढलेला.

चित्र अजून पुरं नाही. सर, या वेळी बाभूळ काढली आहे. फक्त तिची सावली जमिनीवर बसत नाही, तरंगते. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर दाखवतो, जरा बघाल का?