मालवण किनाऱ्यावरील शेती, पाणी आणि सातबारा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत मालवण तालुक्यातील अनेक वाड्यांतील विहिरी तळ गाठतात. सच्छिद्र जांभा खडक पाणी फार काळ धरून ठेवत नाही आणि तीव्र उतारावरचे पाणी थोड्याच वेळात समुद्राला मिळते. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा उपसा वाढला, की विहिरीत खारे पाणी झिरपते. गड आणि कर्ली नद्यांच्या खाड्यांकाठची सखल भातशेती खारबंधाऱ्यांमुळे टिकते. बंधारा फुटला की भरतीचे पाणी शेतात शिरते आणि जमिनीतले मीठ धुऊन निघेपर्यंत पीक हाती लागत नाही. अशा जमिनींच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1979 चा खारजमीन विकास कायदा आहे. समुद्राची पातळी वाढत असल्याने या बंधाऱ्यांवरचा ताण पुढे वाढणार आहे.

दुसरा पेच सातबाऱ्याचा. वाटणी न झालेल्या जमिनीवर अनेक वारसांची नावे असतात, त्यांतले कित्येक मुंबईत. सर्वांच्या संमतीअभावी कर्ज आणि विहीर दोन्ही अडतात.

पाण्याच्या पेचावर उपाय गावातच आहे. पावसाळा संपताच ओहोळावर गोण्यांचा वनराई बंधारा घातल्यास वायंगणी (उन्हाळी) भात, भाजीपाला यांना पाणी मिळते आणि आसपासच्या विहिरींची पातळीही टिकते. वेळेवर अडवलेले पाणी आणि वेळेवर केलेली वाटणी, या दोन्हींवर इथल्या कुटुंबाची शेती अवलंबून आहे.