कुत्र्याला लस बाधली तर?



गावात कुत्र्यांना लस टोचायला डॉक्टर येणार, अशी दवंडी किंवा हल्लीच्या रीतीप्रमाणे फोनवरचा निरोप आला, की पाराजवळ एक वाक्य हमखास ऐकू येते. "नगं बाबा, गेल्या सालाला खालच्या आळीचं कुत्रं सुई मारल्यावर तासाभरात गळपटलं." एवढ्या एका वाक्याने निम्मी कुत्री दाव्यालाच राहतात. आता हे वाक्य खोटे आहे असे म्हणून ते उडवून लावणारे पुष्कळ भेटतात. मी तसे म्हणणार नाही. लस क्वचित बाधते. आणि क्वचित बाधते म्हणूनच ती बाधली तर काय करायचे हे माहीत असलेला एक तरी माणूस प्रत्येक वाडीवर असला पाहिजे. ते माहीत नसले, की वाडीत एक कुत्रे जाते आणि मग पुढची पाच वर्षे त्या वाडीत एकाही कुत्र्याला लस लागत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याला मग रान मोकळे.

या भीतीला इतिहासही आहे. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शने आठवत असतील. कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली ही लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत रोगाचे विषाणू वाढवायचे, कार्बोलिक औषधाने ते मारायचे आणि तो मेंदूच पातळ करून टोचायचा. या लशीने असंख्य माणसे वाचली, पण मेंदूचा अंश अंगात गेल्यामुळे काही थोड्या माणसांना लुळेपण आले, काही दगावलीही. कुत्र्यांसाठीही मेंदूपासून केलेल्या लशी वापरात होत्या. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या उगीच घाबरत नव्हत्या. मात्र माणसांसाठीची ती लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आज कुत्र्याला देतात ती रेबीजची लस काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर तयार होते आणि तिच्यातला विषाणू पुरता मेलेला असतो. "लशीनेच कुत्रे पिसाळते" असे कोणी म्हणाले, तर त्यांना हे सांगा. मेलेले बी उगवत नाही.

मग लस बाधते ती कशाने? टोचलेल्या द्रवात विषाणूखेरीज आणखीही बारीकसारीक पदार्थ असतात. लस वाढवताना वापरलेल्या वासराच्या रक्तद्रवातली प्रथिने तिच्यात किंचित उरतात आणि काही कुत्र्यांचे अंग याच प्रथिनांवर चिडते, असे जपानमधल्या संशोधकांना आढळले. एखाद्याला शेंगदाणा सोसत नाही, एखाद्याला गांधीलमाशी चावली की अंगभर गांधी उठतात, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेत सुमारे बारा लाख कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००५ साली एक हिशेब प्रसिद्ध झाला. लस टोचल्यावर तीन दिवसांच्या आत काही ना काही त्रास नोंदला गेलेली कुत्री दहा हजारांत अडतीस निघाली. त्यातही बहुतेक त्रास किरकोळ होते. लहान चणीच्या कुत्र्यांना आणि एकाच वेळी जास्त लसी टोचलेल्या कुत्र्यांना त्रास अधिक झाला होता. हा हिशेब तिकडचा आहे, आपल्या वाडीचा नव्हे. पण अंदाज यायला पुरेसा आहे.

किरकोळ त्रास आधी सांगतो. टोचल्या दिवशी संध्याकाळी कुत्रे मलूल होते, भाकरी हुंगून तसेच परत जाते, अंग जरा गरम लागते, टोचलेल्या जागी हात लावला तर कुरकुरते. हे एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते. सावली आणि पाणी द्या, त्या रात्री राखणीला लावू नका. दोन दिवसांनंतरही अन्न घेत नसेल, तर दवाखाना गाठा. कधी कधी टोचलेल्या जागी सुपारीएवढी गाठ येते. जतकडच्या कारवानी कुत्र्याच्या अंगावर तर ती लगेच नजरेत भरते, कारण त्याच्या अंगावर झाकायला मांसच कमी. ही गाठ चोळू नये, शेकू नये, तिच्यावर बिब्बा तर मुळीच घालू नये. ती हळूहळू जिरते. वाढतच गेली किंवा तीन महिने राहिली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

दुसरा प्रकार तोंड सुजण्याचा. लस टोचल्यावर काही मिनिटांत किंवा काही तासांत ओठ, नाकाड, डोळ्यांच्या कडा फुगतात, अंगावर गांधी उठतात, कुत्रे तोंड जमिनीला घासते. दिसायला भयंकर, पण वेळेवर डॉक्टरांनी इंजेक्शन दिले की बहुधा उतरते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या शिवारात कुत्र्याचे तोंड सुजायला दुसरीही कारणे आहेत. उसाच्या पाल्यात किंवा बांधाच्या दगडात तोंड घालणाऱ्या कुत्र्याला घोणस चावते, आणि ती बहुतेक वेळा नाकाडावर नाहीतर पुढच्या पायावर. सापाच्या सुजेत ठणका फार असतो, सूज बहुधा एका जागेपासून पसरत जाते, दाताची खूण किंवा रक्ताचा ओघळ दिसतो. लशीची सूज मऊ असते, बहुधा दोन्ही बाजूंना येते आणि तिला खाज असते. "लस बाधली, उतरेल उद्यापर्यंत" म्हणून सर्पदंशाचे कुत्रे घरी ठेवून दिले, तर उद्या उजाडणार नाही. संशय असला तरी दवाखान्यातच न्या. खरे तर दोन्हींत दवाखान्यातच न्यायचे आहे. फक्त काय काय घडले ते डॉक्टरांना नीट सांगता आले पाहिजे.

आता तिसरा प्रकार, ज्याच्यासाठी आजचे हे सगळे बोलणे. हा फार विरळा, पण फार घाईचा. सुई टोचल्यावर बहुधा अर्ध्या तासाच्या आत कुत्रे एकाएकी ओकते, पातळ हगते, कधी त्यात रक्त असते. पाय लटपटतात, ते आडवे होते. श्वास जोरात चालतो किंवा अडखळतो. हिरड्या पांढऱ्या पडतात. निरोगी कुत्र्याची गुलाबी हिरडी बोटाने दाबून सोडली, तर दोन सेकंदांत पुन्हा रंग भरतो. इथे तो भरत नाही. आपल्या गावठी कुत्र्यांपैकी अनेकांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. माणसाला अशा वेळी घशात आणि छातीत आधी जाणवते, कुत्र्याच्या मात्र पोटात आणि यकृतात घोटाळा होतो. म्हणून ओकणे आणि हगवण ही "काहीतरी खाल्लं असेल" म्हणून सोडून द्यायची लक्षणे नव्हेत. निदान लस टोचल्यानंतरच्या तासात तरी नव्हेत.

अशा वेळी डॉक्टर अजून गावात असतील, तर ओरडून बोलवा. लाजू नका. त्यांच्यापाशी अ‍ॅड्रिनलीन नावाचे इंजेक्शन असते. ते मिनिटांत काम करते, मग शिरेतून सलाईन आणि बाकीची औषधे. डॉक्टर पुढच्या गावी गेले असतील, तर एकाने त्यांना फोन लावावा, दुसऱ्याने गाडी काढावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे, तो मुलांकडून पाठ करून घ्या. तोपर्यंत कुत्र्याला सावलीत कुशीवर निजवा, मान सरळ ठेवा, मागचा भाग पोत्याची घडी घालून जरासा उंच करा. तोंडातली ओकारी फडक्याने बाहेरून पुसा, पण बोटे आत घालू नका. अर्धवट शुद्धीतले कुत्रे मालकालाही ओळखत नाही. आणि चावेल या भीतीने त्याचे तोंड मात्र बांधू नका. ओकणाऱ्या किंवा धापणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधले, की ते गुदमरलेच म्हणून समजा. गाडीत नेताना त्याच्या अंगाखाली पोते सरकवून चौघांनी चार कोपरे धरावेत.

आणि काय करू नये? आपल्याकडे जनावर आडवे पडले, की कोणीतरी तूप आणते, कोणी ताक, कोणी कांद्याचा रस. हा मायेचा प्रकार आहे, पण गिळण्याची शक्ती गेलेल्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेले तूप पोटात न जाता फुप्फुसात उतरते. तोंडावाटे काहीही देऊ नका. किरकोळ तापासाठीसुद्धा घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासारखी पडू शकतात. लशीने न मेलेले कुत्रे गोळीने जाते आणि नाव लशीचे होते.

म्हणून टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. शिबिराच्या दिवशी मी जे पाहतो ते उलटे असते. सुई टोचली, की कुत्रे साखळी तोडायला बघते आणि मालकालाही रानात जायचे असते. दोघेही पाच मिनिटांत पसार. झाडाखाली अर्धा तास बसा, चार गोष्टी बोला, आणि पुढचा दिवसभर कुत्र्यावर लक्ष असू द्या.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या मेंढपाळ बांधवांचा प्रश्न याहून अवघड आहे. दिवाळीनंतर वाडे उठतात, कोणी कृष्णाकाठी उसाच्या रानात, कोणी घाट उतरून कोकणात. सकाळी लस टोचून दुपारी वाटेला लागले, तर कुत्रे मेंढरांमागे कुठे मागे पडले हे संध्याकाळी पाल ठोकल्यावर कळते. तेव्हा तळ दोन दिवस एका जागी आहे, असाच दिवस लशीसाठी धरावा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास ठिकठिकाणी शिबिरे होतात आणि वाडे अजून घराकडेच असतात. तो मुहूर्त साधून घ्यावा. वाड्यावरची कुत्री लांडग्याशी, कोल्ह्याशी रोज गाठ घालतात. रेबीजच्या लशीची गरज त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला नाही.

काही वेळा दोष लशीचा नसतोच. कुत्रे आधीच आजारी असते, रोग अंगात मुरत असतो, आणि नेमकी त्याच आठवड्यात लस टोचली जाते. चार दिवसांनी पिल्लू रक्ताची हगवण लागून मरते, तेव्हा ती बहुधा पार्व्होची करणी असते. लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. त्याआधी गाठलेला रोग तिला अडवता येत नाही. म्हणून मलूल, तापलेले, न खाणारे कुत्रे शिबिराला आणा, पण ते तसे आहे हे आधी सांगा. डॉक्टर ठरवतील.

आणखी एक मागणी नेहमी होते. "पिल्लू लहान हाय, अर्धीच टोचा." अर्धी लस म्हणजे पुरते संरक्षण नाही. बाळाला धनुर्वाताची लस अर्धी देतात का? लशीचा डोस वजनावर नसतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की रेबीजची पहिली लस, पुढची डॉक्टर सांगतील त्या तारखेला, आणि मग दर वर्षी. पिल्लू चणीने फारच लहान असेल, तर रेबीजची लस आणि सात-आठ रोगांवरची एकत्रित लस एकाच दिवशी न टोचता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने टोचावी का, हे मात्र जरूर विचारा. हा प्रश्न रास्त आहे.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक काम सांगतो. शिबिराच्या आदल्या दिवशी मुलांकडून घरोघरच्या कुत्र्यांची यादी करून घ्या. नाव, रंग, वय, पूर्वी लस दिली का, दिल्यावर काही झाले का. मुले हे मोठ्यांपेक्षा खरे सांगतात. त्याच तासाला हेही सांगा, की कुत्रे चावले, ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे. कुत्रे आपलेच आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून थांबायचे नाही. लशीने आडवे पडलेले कुत्रे सांभाळताना चावले, तरीही हेच.

आता ज्याला एकदा लस बाधली, त्या कुत्र्याचे पुढच्या वर्षी काय करायचे? नुसते मलूल झाले असेल, तर काहीच बदलायचे नाही. तोंड सुजले असेल, तर ते शिबिराच्या गर्दीत न आणता दवाखान्यात सकाळीच न्या. डॉक्टर आधी सुजेवरचे औषध देतील, कदाचित दुसऱ्या कंपनीची लस निवडतील, एका वेळी एकच टोचतील आणि बसवून ठेवतील. जे पुरते कोसळले होते, त्याला पुन्हा टोचायचे की नाही हा निर्णय एकट्या मालकाचाही नाही आणि शेजाऱ्याचा तर नाहीच. अशा कुत्र्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यातून शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला घेता येतो. जतहून शिरवळ लांब आहे, हे मलाही कळते. पण आधी फोनवर विचारता येते. यासाठी लशीच्या बाटलीवरची चिठ्ठी डॉक्टरांना कार्डावर चिकटवायला सांगा. तिच्यावर कंपनीचे नाव, खेप क्रमांक आणि मुदत असते. चिठ्ठीखाली किती वाजता टोचले, किती वाजता काय झाले, कोणते औषध दिले, ते दोन ओळींत लिहून घ्या. आणि पुढच्या वर्षी दवाखान्यात जाताना तेच जुने कार्ड न्या. नवे कार्ड केले, तर या दोन ओळी त्यात नसतात.