विद्यार्थी, मतदार यादी आणि ग्रामसभा



एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. तथापि वय पूर्ण झाले म्हणून नाव यादीत आपोआप येत नाही. त्यासाठी नमुना ६ भरावा लागतो. पूर्वी १ जानेवारी हीच अर्हता तारीख होती. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर यांची भर पडली असून, सतरा वर्षे पूर्ण होताच आगाऊ अर्जही करता येतो.

वसतिगृहातील विद्यार्थ्याला गावचा किंवा वसतिगृहाचा पत्ता देता येतो. दोन्ही ठिकाणी नाव ठेवता येत नाही. ही निवड किरकोळ नव्हे. ज्या गावच्या यादीत नाव, त्या गावच्या ग्रामसभेचा तो सदस्य. नाव शहरात नेले, तर गावच्या पाणीयोजनेवर मत देण्याचा त्याचा अधिकार संपतो. गावी ठेवले, तर मतदानासाठी प्रवास करावा लागतो.

निर्णय विद्यार्थ्यानेच घ्यावयाचा आहे. प्राचार्यांनी दाखला वेळेवर द्यावा, शिक्षकांनी दोन्ही बाजू समजावून सांगाव्यात आणि सरपंचांनी ग्रामसभेची सूचना सुटीत घरी आलेल्या तरुण मतदारांपर्यंत आवर्जून पोहोचवावी.