प्रीती आणि सेवा



सर्वस्व दान केले, पण प्रीती नसेल तर ते व्यर्थ, असे संत पौलाने करिंथ येथील मंडळीला कळविले. दात्यांच्या सभेत हे सांगणे थोडे अवघडच! परंतु उत्साह ओसरतो, कर्तव्यबुद्धीही थकते, हे आम्ही रुग्णसेवेत नित्य पाहतो.

एव्हलिन ब्रँड या इंग्रज मिशनरी बाई आजच्या तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात पतीसह सेवा करीत. १९२९ साली पती जेसी हिवतापातून उद्भवलेल्या ज्वराने निवर्तले. पुढे सत्तरीच्या उंबरठ्यावर मिशनने बाईंना निवृत्त केले. त्या मायदेशी परतल्या नाहीत. त्याच डोंगराळ मुलखात तट्टावर बसून वाड्यावस्त्यांवर औषधोपचार करीत राहिल्या, आणि १९७४ साली, वयाच्या ९५व्या वर्षी निधन पावल्या. कुष्ठरुग्णांच्या निकामी हातांना वेल्लोर येथे शस्त्रक्रियेने पुन्हा चालना देणारे डॉ. पॉल ब्रँड हे त्यांचेच पुत्र.

मात्र प्रीतीच्या नावावर अल्प वेतनात राबवून घेणे आम्हांस मान्य नाही. परिचारिकांची काळजी घेणे हेही प्रीतीचेच अंग होय. म्हणून यंदाच्या देणग्यांतून प्रथम त्यांच्या निवासाची दुरुस्ती व्हावी, अशी आमची नम्र विनंती आहे.