तारीख मे महिन्यातली हवी



जामुलच्या सिमेंट कारखान्याशेजारच्या या कुरुदमध्ये हरितगृहांबद्दल मराठीत बोलायला मिळतंय, याचं अप्रूप आहे. माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक काढलं, त्या मुलखात मराठी माणसानं बुजायचं कारण नाही.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘आढावा’ छापलंय. तो उरकतो. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुद्दुचेरीत निघालं. रायपूरचं इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय १९८७ चं. २००५ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आलं आणि २०१४ मध्ये ते एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात (एमआयडीएच) सामावलं. तेव्हा खर्चाच्या निम्मी सबसिडी होती, एका लाभार्थ्याला ४००० चौरस मीटरपर्यंत. पुण्याकडं तळेगावला फूलशेतीचं पार्क झालं, बारामतीला डच मदतीनं भाजीपाल्याचं केंद्र उभं राहिलं. झाला आढावा.

आता जे विद्यापीठाच्या नोकरीत असताना बोलता आलं नाही, ते बोलतो. आपला कृषी विस्तार जानेवारीत चालतो आणि पॉलिहाऊस मे महिन्यात मरतं.

जानेवारीत जरबेरा फुललेला असतो. फीत कापायची, फोटो काढायचा, शिवारफेरी आणायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोका तपासणी, बिलं, फाईल. एकतीस मार्चला सगळ्यांची एकमेकांशी असलेली ओळख संपते. बारशाला अख्खं गाव आणि आजारपणात कुणी नाही, अशातली गत. दुर्गमध्ये पारा चव्वेचाळीसवर जातो, आतल्या ढोबळी मिरचीची फुलं गळतात, जरबेऱ्याचे दांडे आखूड होतात, तेव्हा शेतकऱ्याच्या दारात फक्त औषधाच्या दुकानाचा पोरगा असतो. तो बाटली देतो. उन्हावर कसली बाटली?

सकाळच्या सत्रात दोन वाद रंगले. सल्ला फुकट द्यावा की फी घ्यावी, हा पहिला. याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचं सांगतो. त्याच्याकडं कन्सल्टंट होता, महिन्याला पैसे घेणारा. विद्यापीठातूनही माणूस जायचा, फुकट. एकानं फॉगर वाढवायला सांगितलं, दुसऱ्यानं खतांचं वेळापत्रक बदललं. फॉगरचे नोझल बोअरच्या क्षारानं चोंदून बसले. एप्रिलच्या एका अंधडात वरचा प्लास्टिकचा पेपर फाटला. नवा घातला, तोही उचकटला. मी गेलो तेव्हा दुपार होती. छताची खिडकी कुठं उघडते ते पाहिलं, तर तोंड थेट पश्चिमेला. उन्हाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडून येतो. तो खिडकीतून आत शिरणार आणि पेपर आतून उचलणार. खिडकीची पाठ वाऱ्याकडं हवी. बांधणाऱ्या फिटरला विचारलं. तो म्हणाला, “साहब, नक्शा पूना का था. जैसा मिला, वैसा ठोक दिया.” खिडकीला गुंडाळायचा पडदा बसवला. वारा आला की बंद करायचा, आणि बंद केला की आतली गरम हवा जाणार कुठून? शेवटी त्यानं पेपर काढून शेडनेट केलं. कर्ज मात्र पॉलिहाऊसचंच राहिलं. महाराष्ट्रात २०१७ च्या कर्जमाफीची मर्यादा दीड लाखाची होती आणि पॉलिहाऊसचा बोजा कैक लाखांचा; तिकडून आलेल्या मंडळींना हे दुखणं सांगायला नको.

खिडकीची पाठ वाऱ्याकडं असावी, हे आपल्या प्रत्येक पुस्तिकेत छापलेलं आहे. लिहिणारा शिडीवर चढला नव्हता आणि शिडीवर चढणाऱ्याला पुस्तिका कुणी दिली नव्हती. मग फी घेतली काय नि न घेतली काय!

हॉलंडचं उदाहरण फार दिलं जातं. तिथल्या सरकारनं नव्वदच्या दशकात विस्तारसेवा खाजगी केली, हे खरं. पण तिथले उत्पादक अभ्यासगटात बसून एकमेकांसमोर आपले आकडे मांडतात. आपण शेजाऱ्यापासून उत्पन्न लपवतो आणि पाहुण्यांना फुगवून सांगतो. शिवाय त्यांचं हरितगृह उष्णता धरून ठेवायला आहे, आपल्याला ती बाहेर हाकलायची आहे.

दुसरा वाद, कंपनीचा पैसा घ्यावा का. खुशाल घ्यावा. मी घेतलाय. एकदा पेपरच्या नमुन्यांची चाचणी लावली होती. तीन वर्षं टिकायचा तो त्याआधीच चिरला. अहवाल लिहिला, वर पाठवला आणि तो छापला गेला नाही. चांगला निकाल लागला असता तर पहिल्या पानावर आला असता. म्हणून एकच अट घाला: फसलेलं प्रात्यक्षिकही छापायचं, कंपनीच्या नावासकट.

आता कामाचं. फिटर आणि फॅब्रिकेटरच्या पोरांना विद्यापीठाच्या प्रशिक्षणाला बसवा. आजवर तिथं शेतकरी आणि अधिकारीच बसतात. भाटा, मटासी, डोरसा, कन्हार या चारही मातींत बेड कसा भरायचा, तूस किती आणि शेणखत किती, हे एकदा कुणीतरी इथंच करून पाहायला हवं. ‘लाल माती वापरा’ एवढ्यानं भागत नाही. एक चाचणीघर हवं. साहित्य कंपनीचं, जागा शेतकऱ्याची, तापमानाची नोंद विद्यापीठाची. जागा कुठली, वीजबिल कुणाचं, ते समिती ठरवील. समितीत कोण, ते आज संध्याकाळपर्यंत ठरवू. कुलगुरूंना पत्र मी लिहितो. पुढच्या बैठकीची तारीख सचिवांनी कळवावी. ती मे महिन्यातली असावी, भर दुपारची, आणि कुठल्या तरी चालू पॉलिहाऊसच्या आत.