पाण्याला अडवावे कुठवर?

(पावसाळ्याच्या तोंडावर सांगली येथे नदीकाठच्या वस्त्यांतील कुटुंबांसमोर एका स्थापत्य अभियंत्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



वक्त्याने आरंभी आपला अधिकार सांगावा, असा प्रघात आहे. माझा अधिकार एवढाच की, पस्तीस वर्षे इतरांची घरे बांधून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या गॅरेजची भिंत 2019च्या महापुरात कोसळली; आणि ती कृष्णामाईने पाडली नाही, मी पाडली.

आमचे घर नदीपासून बरेच आत आहे. 2005च्या पुरात इर्विन पुलापाशी पातळी 53 फुटांच्या पुढे गेली, तेव्हा पाणी आमच्या फाटकाला टेकून परत फिरले होते. त्यामुळे 2019च्या ऑगस्टमध्ये मी निर्धास्त होतो. पाणी फाटकातून आत आले तेव्हा गॅरेजच्या शटरपुढे वाळूच्या गोण्यांची चळत लावली, मागे प्लास्टिकचा कागद अंथरला, आतून पंप सुरू ठेवला. बाहेर चार फूट पाणी आणि आत घोटाही बुडत नाही, हे पाहून, खरे सांगतो, मला अभिमान वाटला. माझा धाकटा भाऊ आत उभा राहून बादलीने उरलेसुरले पाणी उपसत होता. त्याला वरून चहासाठी हाक आली. तो जिना चढून जातो न जातो तोच बाजूची साडेचार इंची भिंत आतल्या बाजूला आडवी झाली. तो जिथे उभा होता, तिथेच.

ही भिंत का पडली, ते समजून घेऊ. कारण त्यातच आजचा सारा विषय आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो हे आपण शाळेत शिकलो. परंतु भिंतीवर येणारा एकूण भार खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण विसरतो. पाणी दुप्पट चढले की भार चौपट. आमची भिंत बारा फूट लांबीची. एक फूट पाणी होते तेव्हा तिच्यावर साधारण पावणेदोनशे किलोचा रेटा होता. चार फूट झाले तेव्हा तो अडीच टनांच्या वर गेला. आत पाणी असते तर तेवढाच रेटा उलट बाजूने मिळाला असता आणि भिंत ओली होऊन का होईना, उभी राहिली असती. मी पंप लावून तिचा तो आधारच काढून घेतला.

म्हणून माझे म्हणणे असे : थोडे पाणी अडवावे, फार पाण्याला वाट द्यावी. सिमेंटात बांधलेली, सुस्थितीतील नऊ इंची भिंत असेल तर दोन फूट, फार तर तीन. साडेचार इंची असेल तर एक-दीड फूट. याहून अधिक पाणी येणार असे दिसले, तर अडवण्याचा हट्ट सोडून घर पाण्याच्या स्वाधीन करावे आणि वस्तू व माणसे वर न्यावीत. मनाला हे पटणे कठीण आहे. आपल्या हाताने दार उघडून पुराला आत घेणे गृहिणीच्या जिवावर येते. पण गाळ धुता येतो, भिंत धुऊन उभी राहत नाही.

आता किती पाणी येणार हे आधी कसे कळावे? या बाबतीत सांगलीकर भाग्यवान आहेत. चिपळूणला 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी असे आले की, लोकांना सामान हलवायलाही उसंत मिळाली नाही. आपली कृष्णा पायरीपायरीने चढते. इर्विन पुलाची पातळी पूरकाळात सतत जाहीर होत असते. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ आहे. परंतु हे शहराचे आकडे झाले. आपल्या घराचा आकडा किती, हे या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे.

तो काढणे अवघड नाही. 2019 साली पातळी 57 फुटांच्या वर गेली होती आणि त्या पाण्याच्या खुणा अनेक भिंतींवर अजून आहेत. रंगाखाली झाकल्या असतील तर शेजाऱ्याच्या भिंतीवर असतील. जमिनीपासून ती खूण मोजा. समजा, गॅरेजच्या फरशीपासून खूण चार फुटांवर आहे, तर पातळी 53च्या आसपास गेली की तुमच्या गॅरेजात पाणी शिरू लागेल. घराचे जोते गॅरेजपेक्षा तीन फूट उंच असेल, तर उंबऱ्याचा आकडा 56. गवंड्याकडे पाणसळ असते. पारदर्शक नळीत पाणी भरून तो शेजारच्या भिंतीवरची खूण तुमच्या भिंतीवर अचूक आणून देईल. हा आकडा काटेकोर नसतो. पाणी उतरताना आणि चढताना, ओढ्याच्या फुगवट्यामुळे फूटभर इकडेतिकडे होते. तेवढी सूट धरा. पण आकडा काढाच आणि मीटरच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवा. ही वजाबाकी मी 2019 साली केली असती, तर पातळीने 55 ओलांडली तेव्हाच गोण्या बाजूला केल्या असत्या.

जिथे फूट-दीड फूटच पाणी येते, तिथे अडवण्याची उत्तम युक्ती आपल्याच मुलखात आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपण सर्वांनी पाहिला आहे. खांबांच्या खाचांत बरगे सरकवायचे, बरग्यांच्या दोन ओळी, मध्ये माती ठासायची. दाराच्या दोन्ही चौकटींलगत लोखंडी खाच बसवून घ्या, रुंदीला बरोबर बसतील अशा फळ्या करून माळ्यावर ठेवा, खाली रबराची पट्टी लावा. वेळ येताच दहा मिनिटांत दाराला बंधारा घालता येतो. गोण्याच लावायच्या असतील तर त्या निम्म्याहून थोड्या अधिक भराव्यात, गच्च नव्हे. गच्च भरलेली गोणी गोल राहते आणि फटीतून पाणी झिरपते. विटांसारखे सांधे चुकवून रचा आणि पायाने दाबत चला.

दार बंद केले म्हणजे पाणी अडले, असे मात्र नाही. पूर पुष्कळदा पुढच्या दाराने येतच नाही, तो न्हाणीघरातून येतो. नदी चढली की नाल्याचे पाणी मागे फिरते, गटार तुंबते आणि मोरीच्या जाळीतून, शौचकूपाच्या भांड्यातून घाण पाणी उफाळते. बाहेर रस्ता कोरडा आणि आत घोटाभर पाणी, हा अनुभव सखल भागातील अनेकांना आहे. मैलापाण्याच्या वाहिनीवर, कुंपणाच्या आत, एकाच दिशेने उघडणारी झडप बसवून घ्या. प्लंबर तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतो. ती वर्षातून एकदा उघडून साफ केली पाहिजे, नाहीतर कचरा अडकून नेमक्या दिवशी ती बंद होत नाही. झडप नसेल तर मोरीच्या तोंडात दोन फुटांचा पाइप घट्ट बसवून उभा करा. पाणी पाइपात चढेल, फरशीवर येणार नाही.

आता गॅरेज. हे घराचे सर्वांत दुबळे अंग. जुन्या वाड्यांचे जोते कमरेएवढे असे. पायऱ्या चढून जाताना दम लागला तरी पाणी पायरीवर थांबे. आता आपल्याला गाडी रस्त्यावरून सरळ आत सरकायला हवी. त्यात डांबराच्या थरावर थर चढवून रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो आणि गॅरेज न हलता खाली जाते. शटर हे पाणी अडवण्यासाठी बनलेलेच नसते. तेव्हा सखल भागातील गॅरेज पाणी आत घेण्याच्या बेतानेच बांधावे. अमेरिकेतील पूरविम्याच्या नियमांत अशा बंदिस्त जागेसाठी साधा हिशेब दिला आहे : दर चौरस फूट क्षेत्रफळाला एक चौरस इंच मोकळी जागा, किमान दोन झरोक्यांत विभागलेली, झरोक्याची खालची कड जमिनीपासून फुटापेक्षा वर नको. दहा बाय वीस फुटांच्या गॅरेजला दहा इंची चौरस असे दोन झरोके, शक्यतो समोरासमोरच्या भिंतींत, पुरतात. बाहेरून उंदीर-घुशी येऊ नयेत म्हणून जाळी लावा. पण गाळाने बुजेल इतकी बारीक नको.

आत चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा किंवा टाइल्स असाव्यात. जिप्समचा गिलावा आणि भुशाच्या फळ्यांची कपाटे एकदा भिजली की संपली. रंगाचे डबे, कीटकनाशके, इंजिन ऑइल खालच्या फळीवर कदापि नको. 2019 साली आमच्या गल्लीत पाण्यावर जो तेलाचा तवंग पसरला होता, त्यात माझ्या गॅरेजचाही वाटा होता. गॅसचा सिलिंडर बंद करून उभा बांधून ठेवा; तो तरंगतो आणि वाहत जाऊन भिंतीवर आदळतो. जमिनीतली पाण्याची टाकी रिकामी असेल तर तीही वर उचलली जाते. म्हणून पूर येण्याआधी ती भरून झाकण घट्ट करावे.

विजेबाबत कोणतीही तडजोड नको. मीटर, मुख्य स्विच आणि इन्व्हर्टरची बॅटरी 2019च्या खुणेच्याही वर हवीत. तळमजल्याच्या वायरिंगचा फ्यूज-बोर्ड वरच्या मजल्यापासून वेगळा करून घ्या, म्हणजे खालचे बंद करून वर दिवा ठेवता येईल. आणि पाण्यात उभे राहून कोणीही स्विचला हात लावू नये.

गाडीला वाचवण्याचा एकच उपाय आहे : ती तिथे नसणे. तुमच्या आकड्याच्या पाच फूट आधीच ती मिरजेच्या बाजूला, उंचावर कोणा नातलगाच्या दारात नेऊन लावा. दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना उचलते. गाडी काढण्यासाठी पाण्यात उतरणे, किंवा अपार्टमेंटच्या तळघरात जाणे, हा शुद्ध अविचार होय. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत, ज्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, बंद गाडीत अडकून माणसे गुदमरून गेली.

गाडी भिजलीच, तर पाणी ओसरल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. हा मोह फार मोठा असतो. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचे काम लाखांवर जाते. बॅटरीची ऋण तार सोडवा आणि गाडी ओढून गॅरेजवाल्याकडे न्या. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विमा असला, तरी भिजलेले इंजिन सुरू केल्याने झालेली हानी विमा कंपन्या बहुधा नाकारतात, जर इंजिनसाठीचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल. घराचे म्हणाल तर 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी उपलब्ध झाली; तिच्यात पूर समाविष्ट आहे. गळ्यापर्यंत पाणी आल्यावर ती घेता येत नाही, हे सांगायला नको. गाळ काढण्यापूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्या, खुणेसकट.

पाणी उतरताना घाई करू नये. बाहेरची जमीन भिजलेली, आतले पाणी झपाट्याने उपसले, तर पुन्हा माझ्या भिंतीचीच कथा. बाहेरचे जसे उतरेल तसे आतले उतरू द्या. तळघर असेल तर दिवसाला दोन-तीन फुटांहून अधिक उपसू नका. गाळ मात्र ओला असतानाच खरडून काढा. आपल्याकडचा काळा गाळ वाळला की कुदळीलाही दाद देत नाही. आणि काढलेला गाळ गटारात लोटू नका.

एक गोष्ट तरुण कार्यकर्त्यांसाठी. पूर आला की तुम्ही धावून जाता, वृद्धांना पाठीवर घेऊन बाहेर काढता. ते मी पाहिले आहे. पण ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी नाव उलटली, तेव्हा त्या नावेत बसलेली माणसे सुरक्षित जागी जायलाच निघाली होती. चढलेल्या पाण्यातून माणसे काढण्यापेक्षा पाणी चढण्यापूर्वी ती हलवणे केव्हाही बरे. त्यासाठी गल्लीतल्या प्रत्येक घराचा आकडा एका वहीत हवा : कोणाच्या उंबऱ्याला किती फुटांना पाणी लागते, कोणत्या घरात आजी-आजोबा एकटे आहेत, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाच्या गच्चीवर चार कुटुंबे मावतील. पातळी 48 झाली की वहीत 50चे आकडे असलेली घरे उघडायची, बोलावण्याची वाट पाहायची नाही.

आमच्या गल्लीत हे काम अर्धे झाले आहे. बावीस घरांपैकी तेरा मोजली. माझ्या गॅरेजची नवी भिंत नऊ इंची आहे, तिला दोन झरोके आहेत आणि एकावर भावाने खडूने ‘53’ लिहून ठेवले आहे. उरलेली नऊ घरे येत्या रविवारी सकाळी सात वाजता मोजायची आहेत. पाणसळ माझ्याकडे आहे. नळी धरायला आणखी दोघे हवेत.