चिन्हातील गवा आणि रानातील गवा

(केळझर येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या तरुणांपैकी पुष्कळांना फुटबॉलचा नाद आहे. २०१४ साली स्थापन झालेला ‘एफ. सी. गोवा’ हा संघ त्यांना ठाऊक असेलच. त्या संघाचे मानचिन्ह गवा. गोव्याचा राज्यप्राणीही तोच.

गव्यास कोणी रानरेडा म्हणतात, कोणी बायसन. दोन्ही नावे चुकीची. रेडा निराळ्या कुळाचा, बायसन अमेरिका व युरोप या खंडांतला. गवा हा आपल्या गाईबैलांच्या कुळातला. मोठ्या नराचे वजन हजार किलोपर्यंत भरते. गुडघ्याखाली पाय पांढरे, जणू मोजेच घातलेले. एवढा बलाढ्य प्राणी, पण स्वभावाने बुजरा.

९ डिसेंबर २०२० रोजी असाच एक गवा वाट चुकून पुण्याच्या कोथरूड भागात शिरला. बघ्यांची झुंबड त्याच्यामागे धावली. जीव घेऊन पळता पळता तो थकला आणि पकडल्यावर त्याच दिवशी मरण पावला. त्याला कोणाची गोळी लागली नव्हती. माणसांचे कुतूहलच त्यास भोवले.

बंधूंनो, २०१४ सालीच व्याघ्रप्रकल्प ठरलेले बोरचे जंगल आपल्याच सेलू तालुक्यात आहे आणि तेथेही गवे आहेत. उद्या एखादा आपल्या कपाशीत उतरला, तर पोरांना आवरा, कुत्री बांधा, वनखात्यास कळवा आणि त्याची परतीची वाट मोकळी ठेवा. मैदानावर त्याच्या नावाचा जयघोष करणे सोपे आहे; शिवारात त्यास वाट देणे हे आपले कर्तव्य आहे.